थॅडियस स्टीव्हन्स आणि पेनसिल्व्हेनियाच्या मोफत शाळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थॅडियस स्टीव्हन्स कोण होते आणि शिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव कशासाठी घेतले जाते?

थॅडियस स्टीव्हन्स (१७९२–१८६८) हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याचे आमदार होते आणि पुढे ते राष्ट्रीय प्रतिनिधिगृहात निवडून गेले. गुलामगिरीचे कट्टर विरोधक, यादवी युद्धाच्या काळात सरकारच्या खर्चाची तरतूद करणाऱ्या समितीचे अध्यक्ष आणि अमेरिकी राज्यघटनेतील चौदाव्या दुरुस्तीमागचे एक प्रमुख नेते अशी त्यांची ओळख इतिहासाच्या वाचकांना असते. त्या कीर्तीपुढे त्यांचे राज्य विधिमंडळातील काम काहीसे झाकोळून गेले आहे. १८३५ च्या एप्रिल महिन्यात, जेमतेम वर्षभरापूर्वी झालेला सार्वत्रिक मोफत शाळांचा कायदा रद्द होण्याच्या बेतात असताना, राज्याची राजधानी हॅरिसबर्ग येथे, राज्याच्या प्रतिनिधिगृहात, त्याच्या बाजूने उभे राहून त्यांनी तो टिकवण्यात फार मोठा वाटा उचलला. त्यांनी शाळा बांधल्या नाहीत, अभ्यासक्रम आखला नाही आणि कायद्याचा मसुदाही त्यांचा नव्हता. सार्वजनिक शाळा सर्वांच्या मुलांसाठी असते, केवळ गरिबांवर उपकार म्हणून ती चालवायची नसते, हे तत्त्व एकदा कायद्यात आल्यावर त्यांनी ते पुसू दिले नाही. त्यांचे चिरस्थायी कार्य हेच, असे आम्हाला वाटते.

१८३४ पूर्वी पेनसिल्व्हेनियात शाळा नव्हत्या का?

शाळा होत्या, आणि काही भागांत चांगल्याही होत्या. जर्मन भाषक ल्युथरन आणि रिफॉर्म्ड पंथीयांच्या चर्चला जोडून शाळा चालत, क्वेकर पंथीयांच्या स्वतःच्या शाळा होत्या, गावोगावी काही कुटुंबे मिळून एखादा शिक्षक ठेवत आणि सधन घरांतील मुलांसाठी अकादम्या होत्या. नव्हती ती सर्वांसाठीची व्यवस्था. राज्याच्या १७९० च्या घटनेत शाळांविषयी एक कलम होते, पण त्याचा आशय असा होता की विधिमंडळाने सोयीनुसार लवकरात लवकर राज्यभर शाळा स्थापन करण्याची तरतूद करावी आणि ती अशा रीतीने करावी की गरिबांना विनामूल्य शिकता येईल. या शेवटच्या शब्दांचा अर्थ पुढची चव्वेचाळीस वर्षे इतकाच लावला गेला की ज्यांना परवडते त्यांनी आपले पाहावे आणि ज्यांना परवडत नाही त्यांची फी सरकारने भरावी.

१८०९ च्या कायद्याने हीच समजूत पक्की केली. करआकारणी करणारा अधिकारी दरवर्षी घरोघर जाई आणि ज्या आईबापांना फी परवडत नाही त्यांच्या पाच ते बारा वर्षांच्या मुलांची नावे आपल्या यादीत टिपून घेई. ती यादी काउंटीच्या (आपल्याकडील जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या) आयुक्तांकडे जाई, मग मूल जवळच्या शाळेत बसू शके आणि शिक्षक त्या मुलाच्या फीचे बिल काउंटीकडे पाठवी. कागदावर ही योजना दयाळू दिसते. प्रत्यक्षात मात्र आपले मूल शिकावे म्हणून बापाला सरकारी माणसासमोर, आणि पर्यायाने सगळ्या गावासमोर, आपण नादार आहोत असे लिहून द्यावे लागे. एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांपैकी फी भरणारे कोण आणि यादीतले कोण हे शिक्षकाला ठाऊक असे आणि मुलांनाही. पुष्कळ स्वाभिमानी कुटुंबांनी यादीत नाव घालण्यापेक्षा मूल घरी ठेवणे पसंत केले, तर जी मुले यादीत होती त्यांच्यापैकीही अनेकांना पाठवण्याचा आग्रह कोणी धरला नाही. फिलाडेल्फियासाठी १८१८ मध्ये निराळा कायदा झाला, पण तिथल्या सार्वजनिक शाळाही सुरुवातीला नादारांच्याच होत्या.

स्टीव्हन्स यांनी पुढे जे काही म्हटले त्याचे मर्म समजायचे असेल तर ही यादी डोळ्यांसमोर ठेवावी लागते, म्हणून तिच्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिले आहे.

१८३४ चा कायदा नेमका काय होता आणि तो कोणी केला?

१ एप्रिल १८३४ रोजी राज्यपाल जॉर्ज वुल्फ यांनी या कायद्यावर सही केली. विधेयकाची जुळवाजुळव मुख्यतः राज्याच्या सिनेटमधील, म्हणजे वरिष्ठ सभागृहातील, फिलाडेल्फियाचे सदस्य सॅम्युएल ब्रेक यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीने केली होती. वुल्फ यांनीही आपल्या कारकिर्दीत सार्वत्रिक शिक्षणाची मागणी विधिमंडळापुढे सातत्याने मांडली होती. त्यामुळे ‘मोफत शाळांचे जनक’ हे बिरुद एकाच माणसाला द्यायचे म्हटले तर ब्रेक आणि वुल्फ या दोघांवर अन्याय होतो.

कायद्याची रचना अशी होती. प्रत्येक काउंटी हा शिक्षणाचा एक विभाग आणि त्यातील प्रत्येक वॉर्ड, टाउनशिप किंवा बरो (गाव-शहर पातळीवरील स्थानिक घटक) हा एक शाळा-जिल्हा ठरला. प्रत्येक शाळा-जिल्ह्यातील मतदारांनी सहा संचालक निवडायचे, कर बसवून शाळा चालवायच्या आणि त्या सगळ्या मुलांना विनामूल्य खुल्या ठेवायच्या. राज्याने यासाठी वर्षाला ७५,००० डॉलरची तरतूद केली. मात्र कायदा स्वीकारायचा की नाही हे ठरवण्याची मुभा शाळा-जिल्ह्यांना होती. जे नाकारतील त्यांना राज्याच्या निधीतील वाटा मिळणार नव्हता आणि त्यांच्याकडे १८०९ चीच नादारीची पद्धत चालू राहणार होती.

दोन्ही सभागृहांत हा कायदा जवळजवळ विनाविरोध संमत झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढच्या बारा महिन्यांत त्याच सभागृहांचा नूर पार पालटला.

लोकांच्याच मुलांसाठी केलेल्या कायद्याला लोकांनी विरोध का केला?

पहिले कारण कर. ज्यांना मुले नव्हती, ज्यांची मुले मोठी झाली होती किंवा ज्यांची मुले खासगी शाळेत जात होती, त्यांना दुसऱ्याच्या मुलांसाठी आपण का पैसे मोजावेत हे कळेना. शेतकऱ्यांची मालमत्ता जमिनीच्या रूपाने उघड्यावर असल्यामुळे कराचा भार आपल्यावरच पडणार असे त्यांना वाटे, आणि त्यात तथ्यही होते.

दुसरे कारण अधिक गुंतागुंतीचे आणि अधिक समजून घेण्यासारखे आहे. जर्मन वस्तीतील कुटुंबांनी चर्चच्या आधाराने आपल्या भाषेतील शाळा पिढ्यान्‌पिढ्या चालवल्या होत्या. सरकारी शाळा आली की इंग्रजी येणार, धर्मशिक्षण जाणार आणि मुले आपल्यापासून तुटणार ही त्यांची भीती निराधार नव्हती. क्वेकरांनी तर आपल्या शाळांचा खर्च आधीपासून स्वतः उचलला होता, त्यांना आता दुहेरी खर्च पडणार होता. या लोकांना अडाणी ठरवणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. शिक्षण हवे की नको हा त्यांच्यापुढचा प्रश्न नव्हता, ते कोणाच्या हातात असावे हा होता. त्याचे समाधानकारक उत्तर कायद्याने दिले नव्हते.

राज्यातील ९८७ शाळा-जिल्ह्यांपैकी पहिल्या वर्षी निम्म्याहून थोड्याच अधिक जिल्ह्यांनी कायदा स्वीकारला. उरलेल्यांपैकी काहींनी तो स्पष्टपणे नाकारला, तर काहींनी काही कळवलेच नाही.

कायदा रद्द होण्याच्या किती जवळ आला होता?

अगदी जवळ. १८३४ च्या शरद ऋतूतील निवडणुकीत कायद्याच्या अनेक समर्थकांना घरी बसावे लागले आणि नवे विधिमंडळ भरले तेव्हा टेबलावर अर्जांचा ढीग जमला. कायदा रद्द करा म्हणणाऱ्या अर्जांवर सुमारे ३२ हजार सह्या होत्या आणि तो ठेवा म्हणणाऱ्यांच्या सह्या अडीच हजारांच्या आसपास होत्या. सिनेटने वारा ओळखला आणि १८३४ चा कायदा मोडून त्याच्या जागी गरिबांच्या विनामूल्य शिक्षणाची जुनी तरतूद परत आणणारे विधेयक मोठ्या मताधिक्याने संमत केले. आदल्या वर्षी होकार देणाऱ्या कित्येक सिनेटरांनी आता उलट मत दिले. विधेयक प्रतिनिधिगृहात आले तेव्हा तेथेही हेच होणार, अशी सर्वसाधारण अटकळ होती.

११ एप्रिल १८३५ च्या भाषणात स्टीव्हन्स काय म्हणाले?

भाषणाची सुरुवात त्यांनी भावनेने केली नाही, हिशेबाने केली. हा कायदा लोकांवर ओझे घालत नाही, उलट त्यांचे ओझे हलके करतो, हे सिद्ध करणे आपल्यावर आहे असे त्यांनी आरंभीच सांगितले आणि घरोघरी फी भरून मुले शिकवण्याचा एकूण खर्च व सर्वांनी मिळून शाळा चालवण्याचा खर्च यांची तुलना मांडली. कराच्या धास्तीने बिथरलेल्या सभागृहासमोर सर्वांत आधी कराविषयीच बोलणे, ही अनुभवी वकिलाची जाण होती.

त्यानंतर त्यांनी कराचा मूळ प्रश्न हाती घेतला. ज्याला शाळेचा उपयोग नाही त्याने कर का द्यावा? स्टीव्हन्स यांचा युक्तिवाद असा होता : सुखवस्तू, कष्टाळू शेतकरी फौजदारी न्यायालये चालवण्यासाठी, तुरुंग बांधण्यासाठी, शेरिफ आणि तुरुंगाधिकारी यांच्या पगारासाठी मोठा कर भरतो. त्या तुरुंगाचा त्याला स्वतःला कधी उपयोग झालेला नसतो आणि होणारही नसतो. गुन्हेगाराला शिक्षा करण्यासाठी तो आनंदाने पैसे देतो आणि शेजारचे मूल गुन्हेगार होऊच नये यासाठी पैसे मागितले की तक्रार करतो. आज हा युक्तिवाद सर्वांच्या तोंडी आहे, म्हणून त्याची धार कमी वाटते, पण सार्वजनिक शिक्षणाचा कर म्हणजे लुबाडणूक असे हजारो लोक लिहून देत होते त्या आठवड्यात तो मांडण्याला वेगळे वजन होते.

तिसरा मुद्दा प्रजासत्ताकाचा. जे राज्य मतदारांच्या निवडीवर चालते ते टिकायचे असेल तर प्रत्येक मतदाराला शहाणपणाने निवड करण्याइतके ज्ञान हवे, आणि ते ज्ञान मिळण्याची साधने पुरवणे हे सरकारचे कर्तव्य ठरते, असे ते म्हणाले. सुपीक जमीन आणि उत्तम हवामान लाभलेल्या पेनसिल्व्हेनियात लोकसंख्येच्या मानाने महाविद्यालयीन विद्यार्थी थंड, नापीक न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांच्या, जेमतेम एक तृतीयांश का, असा बोचरा प्रश्नही त्यांनी सभागृहाला विचारला.

पण भाषणाचा गाभा नादारीच्या यादीविषयी होता. जन्मावर आधारलेला उच्चनीच भेद तिरस्करणीय असतोच, पण गरिबीवर आधारलेला भेद त्याहून कितीतरी अधिक तिरस्करणीय असतो, असे ते म्हणाले. सिनेटने पाठवलेल्या विधेयकाला खरे शोभणारे नावही त्यांनी सुचवले : गरिबांवर डाग देऊन खूण करण्याचा कायदा, म्हणजे श्रीमंत आणि गर्विष्ठ लोकांपासून ते वेगळे ओळखू येतील. जनावरांच्या अंगावर तापलेल्या लोखंडाने डाग देतात त्याच क्रियेचा शब्द त्यांनी येथे वापरला होता, आणि समोर बसलेल्यांपैकी पुष्कळजण शेतकरी किंवा शेतकऱ्यांचे प्रतिनिधी होते. ज्या मुलांचे नाव करअधिकाऱ्याच्या वहीत चढत होते त्यांच्याविषयी, पेनसिल्व्हेनियाच्या राजकारणात इतक्या उघडपणे बोललेले दुसरे वाक्य आमच्या पाहण्यात नाही.

शेवटी त्यांनी राज्यपाल वुल्फ यांचे मोकळेपणाने कौतुक केले. हे सोपे नव्हते. वुल्फ डेमोक्रॅट होते आणि फ्रीमेसन होते. स्टीव्हन्स ज्या पक्षातून निवडून आले होते तो पक्ष फ्रीमेसनांच्या गुप्त संघटनेला विरोध करण्यासाठीच स्थापन झाला होता, आणि त्याच वर्षाच्या हिवाळ्यात स्टीव्हन्स यांच्या चौकशी समितीने वुल्फ यांना साक्षीसाठी बोलावणे धाडले. असे वैर असूनही, ज्याचा झेंडा ज्ञानाच्या प्रकाशात फडकतो आहे त्याच्या रांगेत मी निःसंकोच उभा राहीन, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. पितळेची किंवा संगमरवराची स्मारके नकोत, सदैव जिवंत राहणाऱ्या मनाची स्मारके उभारा, असे आवाहन त्यांनी सहकाऱ्यांना केले.

प्रतिनिधिगृहाने सिनेटचे विधेयक जसेच्या तसे मान्य केले नाही. त्याऐवजी मूळ कायदा बळकट करणारी दुरुस्ती संमत केली, आणि मग सिनेटनेही माघार घेऊन तिला संमती दिली.

एका भाषणाने कायदा वाचला, हे खरे मानावे का?

ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिला दंतकथेची झाक आली आहे. वुल्फ हे रद्दीकरणाच्या विरोधात ठाम उभे होते, सभागृहात कायद्याचे अन्य समर्थकही होते आणि पडद्याआड मतांची जुळवाजुळव चाललीच असणार. विधिमंडळातील निर्णय केवळ वक्तृत्वावर फिरतात असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि समकालीनांनी या भाषणाला दिलेले श्रेय अवास्तवही म्हणता येत नाही. जो आमदार मनातून कायद्याच्या बाजूने होता पण अर्जांच्या ढिगाला घाबरत होता, त्याला घरी परतल्यावर मतदारांना सांगण्यासाठी कारणे हवी होती. स्टीव्हन्स यांनी ती पुरवली, तीही सामान्य माणसाला समजतील अशा शब्दांत.

मतदारांनी स्पष्टपणे विरोध कळवला असताना उलट मत देणे लोकशाहीला धरून होते का?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला एका ओळीचे उत्तर नाही. स्टीव्हन्स यांच्या स्वतःच्या ॲडम्स काउंटीतही या कायद्याला मोठा विरोध होता. प्रतिनिधीने मतदारांचा निरोप्या म्हणून काम करावे की स्वतःच्या विवेकाने, हा वाद जुना आहे. आमच्या मते येथे दोन गोष्टी निर्णायक ठरतात. एक म्हणजे, ज्यांच्या भवितव्याचा निर्णय होत होता त्या मुलांना मत नव्हते आणि नादारीच्या यादीतील त्यांच्या आईबापांचा आवाज अर्जांच्या ढिगात जवळजवळ नव्हताच. त्यामुळे ३२ हजार सह्या म्हणजे साऱ्या राज्याची इच्छा असे समजणे चुकीचे ठरले असते. दुसरी म्हणजे, स्टीव्हन्स यांनी आपली भूमिका लपवली नाही, ती भर सभागृहात मांडली आणि तिची किंमत मोजण्याची तयारी ठेवून त्याच शरदात ते मतदारांपुढे गेले. मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले.

वुल्फ यांच्या वाट्याला मात्र पराभव आला. त्यांच्या पक्षात फूट पडून दोन उमेदवार उभे राहिले आणि जोसेफ रिटनर राज्यपाल झाले. सुदैवाने रिटनर हेही मोफत शाळांच्या बाजूचे निघाले. १८३६ मध्ये कायद्याची नीट फेरमांडणी झाली आणि राज्याचे सचिव टॉमस बरोज यांनी तो प्रत्यक्षात उतरवण्यासाठी फार कष्ट घेतले.

स्टीव्हन्स यांच्या स्वतःच्या बालपणाचा या भूमिकेशी संबंध होता का?

निःसंशय होता. व्हरमाँट राज्यातील डॅनव्हिल येथे गरीब घरात त्यांचा जन्म झाला. जन्मतः त्यांचा एक पाय अधू होता. वडील घर सोडून गेले आणि चार मुलांचा भार आई सेरा यांच्यावर पडला. थॅडियसला शेतावर काम करता येणार नाही हे ओळखून त्यांनी त्याला शिकवायचे ठरवले आणि चांगली शाळा मिळावी म्हणून कुटुंब पीचम या गावी हलवले. त्या शाळेतून ते डार्टमथ महाविद्यालयात गेले, १८१४ मध्ये पदवीधर झाले, पेनसिल्व्हेनियातील यॉर्क येथे काही काळ शिक्षक होते आणि १८१६ मध्ये गेटिसबर्गला वकिली करू लागले. न्यू इंग्लंडच्या ज्या भागात ते वाढले तेथे गावाने मिळून शाळा चालवणे ही नेहमीची गोष्ट होती, त्यामुळे पेनसिल्व्हेनियातील नादारीची पद्धत त्यांना अधिकच खटकली असावी. उतारवयात आईविषयी बोलताना, आपण दुबळे आणि लंगडे होतो म्हणून तिने आपल्याला शिक्षण दिले, असे त्यांनी सांगितले होते. हाती पैसा आल्यावर त्यांनी आईला शेत आणि दुभत्या गाई घेऊन दिल्या.

हॉरेस मॅन यांचे कार्य आणि स्टीव्हन्स यांचे कार्य यांत काय फरक आहे?

हॉरेस मॅन हे मॅसॅच्युसेट्सचे आमदार होते. १८३७ मध्ये त्या राज्यात शिक्षण मंडळाचा कायदा झाला तेव्हा ते तेथील सिनेटचे अध्यक्ष होते. पुढे राजकारण बाजूला ठेवून ते मंडळाचे सचिव झाले, बारा वार्षिक अहवाल लिहिले आणि १८३९ मध्ये लेक्सिंग्टन येथे शिक्षकांसाठी राज्याची पहिली प्रशिक्षण शाळा सुरू करण्यात पुढाकार घेतला. मॅन यांनी व्यवस्था घडवली, तर स्टीव्हन्स यांनी व्यवस्थेचा पाया उखडला जाऊ दिला नाही. मॅन यांच्या मंडळावरही १८४० मध्ये विधिमंडळात घाला आला होता आणि तेथेही तो मतदानाने परतवावा लागला. शिक्षणाचा कायदा संमत होण्यापेक्षा पुढची काही वर्षे तगून राहणे अवघड असते, असे या दोन्ही राज्यांच्या अनुभवावरून दिसते.

कायदा टिकल्यावर सगळी मुले शाळेत जाऊ लागली का?

नाही. कायदा स्वीकारण्याची मुभा कायम असल्याने काही शाळा-जिल्हे वर्षानुवर्षे बाहेरच राहिले. १८४९ मध्ये विधिमंडळाने ही व्यवस्था संपूर्ण राज्याला लागू केली. शाळांवर देखरेखीसाठी काउंटीनिहाय अधीक्षक १८५४ च्या कायद्याने आले, पाठ्यपुस्तके विनामूल्य देण्याचा कायदा १८९३ मध्ये झाला आणि हजेरी सक्तीची १८९५ मध्ये झाली. म्हणजे शाळेचे दार सर्वांसाठी उघडल्यापासून प्रत्येक मुलाने आत यावे असे म्हणेपर्यंत साठ वर्षे गेली. तोवर खाणींत आणि गिरण्यांत राबणाऱ्या मुलांना त्या उघड्या दाराचा फारसा उपयोग नव्हता.

कृष्णवर्णीय मुलांचे काय झाले?

या इतिहासातील सर्वांत मोठी उणीव हीच आहे. १८५४ च्या कायद्याने, जेथे वीस किंवा अधिक कृष्णवर्णीय मुले असतील तेथे त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढण्याची तरतूद केली. गरिबीच्या आधारे मुलांना वेगळे काढू नये असे मानणाऱ्या राज्याने वर्णाच्या आधारे त्यांना वेगळे काढले. ही तरतूद १८८१ मध्ये रद्द झाली, पण व्यवहारातील भेद त्यानंतरही राहिला.

स्टीव्हन्स यांची स्वतःची भूमिका याबाबत स्वच्छ होती. १८३७–३८ मध्ये राज्याची घटना नव्याने लिहिण्यासाठी भरलेल्या परिषदेचे ते सदस्य होते, आणि नव्या घटनेत मतदानाचा हक्क केवळ गोऱ्या पुरुषांपुरता मर्यादित करण्यात आला म्हणून त्यांनी तिच्यावर सही करण्याचे नाकारले.

उच्च शिक्षणासाठी त्यांनी काही केले का?

होय. गेटिसबर्ग येथील पेनसिल्व्हेनिया महाविद्यालयाला, म्हणजे आजच्या गेटिसबर्ग कॉलेजला, राज्याचे अनुदान मिळवून देण्यात त्यांचा पुढाकार होता आणि महाविद्यालयाच्या इमारतीसाठी जमीनही त्यांच्याकडूनच आली. ते तेथे विश्वस्त होते. प्राथमिक शाळा आणि महाविद्यालये यांना एकमेकांची स्पर्धक मानण्याची वृत्ती त्यांच्या ठायी नव्हती.

त्यांच्या मृत्युपत्राचा उल्लेख शिक्षणाच्या संदर्भात का केला जातो?

११ ऑगस्ट १८६८ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. मृत्युपत्रात त्यांनी पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथे अनाथ मुलांसाठी आश्रय व शिक्षण देणारी संस्था काढण्यासाठी, अट घालून, ५०,००० डॉलरची तरतूद केली होती. मुलांना इंग्रजी शिक्षणाबरोबर उद्योगधंदे शिकवावेत, प्रवेशात किंवा वागणुकीत वंश वा वर्ण पाहू नये, आईबापांच्या धर्मामुळे कोणालाही नाकारू नये, सर्वांना एकाच वर्गात शिकवावे आणि एकाच टेबलावर जेवू घालावे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. शाळेच्या नियमांत जेवणाच्या टेबलाचा उल्लेख करणारा माणूस, भेदभाव कोठून आत शिरतो हे पुरते ओळखून होता. ही संस्था १९०५ मध्ये औद्योगिक शाळा म्हणून उभी राहिली आणि आज ती थॅडियस स्टीव्हन्स कॉलेज ऑफ टेक्नॉलॉजी या नावाने लँकेस्टरमध्ये दोन वर्षांचे तंत्रशिक्षण देते.

त्याच मृत्युपत्रात आईच्या कबरीची निगा राखण्यासाठी आणि दर वसंतात तिच्या चारही कोपऱ्यांवर गुलाबाची व इतर टवटवीत फुलांची रोपे लावण्यासाठी पैसे ठेवले होते. स्वतःच्या दफनासाठी त्यांनी लँकेस्टरमधील एक लहानशी स्मशानभूमी निवडली. इतर स्मशानभूमींच्या नियमांत वर्णभेद असल्यामुळे, जन्मभर पुरस्कारलेल्या समतेच्या तत्त्वाचा दाखला मृत्यूनंतरही देता यावा म्हणून आपण ही जागा पसंत केली, असा त्यांचा मजकूर तेथील शिळेवर कोरलेला आहे.

आजच्या पेनसिल्व्हेनियात या कार्याचे काय उरले आहे?

शाळा-जिल्हा हा १८३४ च्या कायद्याने पाडलेला घटक आजही राज्याच्या शिक्षणव्यवस्थेचा कणा आहे आणि शाळांचा कारभार अजूनही लोकांनी निवडलेली मंडळे पाहतात. १८७३ मध्ये स्वीकारलेल्या घटनेत ‘गरिबांना विनामूल्य’ ही भाषा गेली. राज्यातील सर्व मुलांसाठी परिपूर्ण आणि कार्यक्षम सार्वजनिक शाळांची व्यवस्था ठेवणे हे विधिमंडळाचे कर्तव्य ठरले, आणि तेच बंधन आजच्या घटनेतही आहे.

मात्र त्याच रचनेतून एक नवा भेदही निर्माण झाला. शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ताकरातून भागवला जात असल्याने श्रीमंत शाळा-जिल्ह्यातील मुलाच्या वाट्याला अधिक पैसा येतो आणि गरीब जिल्ह्यातील मुलाच्या वाट्याला कमी. याविरुद्ध काही शाळा-जिल्हे, पालक आणि संघटना यांनी २०१४ मध्ये दावा दाखल केला. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी राज्याच्या कॉमनवेल्थ कोर्टाने शाळांच्या निधिवाटपाची ही पद्धत राज्यघटनेचा भंग करणारी असल्याचा निर्णय दिला आणि ती सुधारण्याची जबाबदारी विधिमंडळ व शासनावर टाकली. त्यासाठी लागणारा पैसा किती आणि किती वर्षांत द्यायचा, हा वाद आता पुन्हा हॅरिसबर्गच्याच विधिमंडळापुढे आला आहे.